शिमग्याची रजा, अडवलेला पगार आणि कपाटातलं आधार कार्ड

प्रश्न : आम्ही नवरा-बायको दोघंही नोकरी करतो, घणसोलीला राहतो. सोळा महिन्यांच्या मुलीला सांभाळायला वर्षभर एक मावशी येत होत्या. सोमवार ते शनिवार, सकाळी साडेआठ ते संध्याकाळी साडेसात, पगार १६,००० रुपये. लेखी काही नाही. नोव्हेंबरमध्ये गावच्या घराच्या छपरासाठी ३०,००० रुपये उचल दिली. दरमहा ३,००० कापायचे ठरले होते, अजून २४,००० बाकी आहेत. शिमग्याला रत्नागिरीकडे गावी पालखी येते म्हणून त्यांनी आठ दिवस मागितले. माझ्या ऑफिसात त्याच वेळी सॉफ्टवेअरचं रिलीज होतं, मी नाही म्हटलं. तरी २७ फेब्रुवारीला त्या गेल्या आणि ९ मार्चला ‘उद्यापासून येते’ असा फोन केला. तोवर आम्ही घरकामाला बाई पुरवणाऱ्या ब्युरोला २०,००० रुपये भरून दुसऱ्या ताई आणल्या होत्या. त्या आठव्या दिवशी सोडून गेल्या आणि आता ब्युरो हात वर करतोय. मावशींचा फेब्रुवारीचा पगार आम्ही उचलीपोटी ठेवून घेतलाय. सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना सावधही केलंय. आता घरकामगार संघटनेतून फोन आला की कामगार कार्यालयात तक्रार करू. आमचं काय चुकलं? मला चार दिवस बिनपगारी रजा घ्यावी लागली, त्याची भरपाई मागता येईल का? मुलगी अजून मावशींना शोधते. त्यांना परत बोलावता येईल का?
– एक वाचक, घणसोली

उत्तर : पगार आधी द्या. बाकी सगळं त्यानंतर बोलू.

मावशींनी १ ते २६ फेब्रुवारी काम केलं. रविवारचा पगार तुम्ही आजवर कधी कापला नव्हता, म्हणजे २८ दिवसांच्या महिन्यात २६ दिवसांचे १४,८५७ रुपये होतात. त्यातून ठरलेले ३,००० वळते करा, ११,८५७ रुपये त्यांच्या खात्यात जमा करा आणि हा हिशेब मेसेज करून कळवा. त्या भांडून गेल्या असत्या किंवा परत आल्याच नसत्या, तरी केलेल्या कामाचा पगार बुडत नाही. तोंडी ठरलेला करारही करारच असतो. हा पगार त्या तीन वर्षांच्या मुदतीत दिवाणी दावा लावून मागू शकतात. स्त्री म्हणून त्यांना ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. त्यामुळे ‘ही कुठे कोर्टात जाणार’ असं कुणी तुम्हाला सांगत असेल तर त्यावर विसंबू नका.

उचलीचा हिशेब वेगळा ठेवा. ती ३,००० च्या हप्त्यानं फेडायची असं तुम्हीच ठरवलंत. काम सुटलं तर सगळी एकदम परत द्यायची, असं तुमच्यात काही बोलणं झालेलं नाही. म्हणून अख्खा पगार एका फटक्यात अडवून ठेवणं तुमच्याच शब्दाच्या विरुद्ध आहे. उरलेले पैसे मागण्याचा हक्क तुम्हाला नक्की आहे, पण तो दिवाणी व्यवहार आहे. केवळ उचल परत आली नाही म्हणून गुन्हा होत नाही, त्यामुळे पोलीस स्टेशनला जाण्याचा विचार सोडून द्या.

आता तुमच्या पत्रात नसलेली, पण तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये दिसणारी गोष्ट. तुमच्या पतींनी १० मार्चला मावशींना लिहिलंय, ‘पैसे फिटेपर्यंत दुसरीकडे काम धरायचं नाही, आधार कार्ड आमच्याकडेच आहे.’ या एका ओळीची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. उचल दिली म्हणून माणसाला बांधून ठेवणं, दुसरीकडे काम धरण्याचं त्याचं स्वातंत्र्य काढून घेणं, याला वेठबिगार पद्धती निर्मूलनाचा १९७६ चा कायदा वेठबिगारी म्हणतो. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या मनात असं काही नव्हतं, रागाच्या भरात लिहिलं गेलं, हे मी समजू शकते. पण मेसेज वाचणाऱ्या अधिकाऱ्यापुढे मन येत नाही, शब्द येतात. पोलीस पडताळणीसाठी घेतलेलं मूळ आधार कार्ड तेव्हाच परत द्यायला हवं होतं. ते आजच्या आज द्या, शक्य तर संघटनेच्या ताईंच्या हातात, आणि पोच घ्या. ‘तुम्ही कुठेही काम करायला मोकळ्या आहात, उचलीचं नंतर बसून ठरवू’ असा मेसेज पतींनी स्वतः पाठवावा.

रजेकडे येते. खासगी घरात मूल सांभाळणाऱ्या बाईला वर्षाला इतक्या भरपगारी रजा मिळाल्याच पाहिजेत, असं सांगणारा कायदा महाराष्ट्रात नाही. २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा नोंदणी आणि कल्याणाच्या योजनांपुरता आहे. पगार, तास, रजा यांना तो हात घालत नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेनं ‘उद्योगा’च्या व्याख्येतून घरगुती सेवा स्पष्टपणे बाहेर ठेवली आहे, त्यामुळे कामावरून काढल्याची भरपाई किंवा पुन्हा कामावर घेण्याचा आदेश त्या वाटेनं मिळत नाही. घरकामगारांना आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती मिळावी, असा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०११ चा ठराव आहे. भारतानं त्याच्या बाजूनं मत दिलं, पण तो स्वीकारून अजून बंधनकारक करून घेतलेला नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०२५ मध्ये, घरकामगारांसाठी वेगळा कायदा हवा का हे तपासायला तज्ज्ञ समिती नेमा, असं केंद्राला सांगितलं. लाखो बायका रोज ज्यात राबतात त्या कामाबद्दल कायदा इतका मुका असावा, याचं मला वकील म्हणून वाईट वाटतं.

मात्र कायदा गप्प आहे याचा अर्थ मालकीणबाई म्हणतील ती रजा, असा होत नाही. अशा वेळी तुमच्या दोघींत काय ठरलं होतं आणि वर्षभर काय चालत आलं, हे पाहिलं जातं. तुमचेच मेसेज पाहा. ६ फेब्रुवारीला मावशी लिहितात, ‘म्याडम शिमग्याला पालखी घरी येते, ८ दिवस लागतील.’ तुमचं उत्तर, ‘बघू, नंतर बोलू.’ मग एकोणीस दिवस त्यावर एक अक्षर नाही. २५ तारखेला रात्री पावणेअकराला तुम्ही लिहिता, ‘या वेळी जमणार नाही.’ तोवर त्यांनी गाडीची तिकिटं काढली होती. कुठलाही न्यायाधीश तुम्हाला हेच विचारेल की तीन आठवडे आधी विचारलेल्या प्रश्नाला तुम्ही वेळेत उत्तर का दिलं नाहीत. ज्यांच्या दारात वर्षातून एकदा ग्रामदेवतेची पालखी येते, त्यांना ‘पुढच्या आठवड्यात जा’ म्हणता येत नाही. पालखी पुढच्या घरी गेलेली असते.

मावशींचं काहीच चुकलं नाही, असं मी म्हणत नाही. आठ दिवस मागून त्या अकरा दिवस राहिल्या. मधल्या काळात तुमचे सहा फोन उचलले नाहीत. लहान मूल दुसऱ्याच्या हवाली करणाऱ्या आईचा जीव अशा वेळी किती टांगणीला लागतो, हे त्यांनाही कळायला हवं होतं. ठरलेल्या दिवशी येणं आणि जमत नसेल तर कळवणं, एवढी अपेक्षा तुम्ही नक्की ठेवू शकता. त्या गैरहजर दिवसांचा पगार देणं तुमच्यावर बंधनकारक नाही. फेब्रुवारीतले दोन दिवस वरच्या हिशेबात सोडलेच आहेत.

नोटिशीबद्दलही संदिग्धता आहे. तुम्ही त्यांना कामावरून काढल्याचं कधी कळवलंच नाही, परस्पर दुसरी बाई आणलीत. काही ठरलेलं नसेल तेव्हा वाजवी मुदत द्यावी लागते, आणि महिन्याच्या पगारावरच्या कामात ती साधारण महिनाभराची समजणं रास्त आहे. त्या म्हणतील, मला न सांगता काढलं. तुम्ही म्हणाल, त्या न विचारता गेल्या. हा वाद जिंकायला लागणारा वेळ आणि पैसा वादाच्या रकमेपेक्षा मोठा असेल.

चार दिवसांच्या बिनपगारी रजेची भरपाई मावशींकडून मागू नका. कागदोपत्री करारभंगाचं नुकसान मागता येतं, पण मघाशी सांगितलेल्या, उशिरा दिलेल्या नकाराच्या मेसेजमुळे तुमची बाजू लंगडी आहे, आणि १६,००० पगार घेणाऱ्या बाईकडून आयटीतल्या चार दिवसांचा पगार वसूल करावा हे मला पटत नाही. तुमचा प्रश्न तुम्ही दुसऱ्या दारात न्यायला हवा. ऐरोलीतल्या ज्या कंपनीत तुम्ही आहात तिथे पन्नासपेक्षा कितीतरी जास्त लोक काम करतात. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेनं पाळणाघराची सोय करायची आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं, हे २०१७ च्या दुरुस्तीनं मातृत्व लाभ कायद्यात आलं आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. इतर कंपन्यांबरोबर सामायिक पाळणाघर चालवलं तरी चालतं. तुम्ही एचआरला याबद्दल कधी लेखी विचारलंय का? नसेल तर या आठवड्यात ईमेल करा, ‘आपल्या पाळणाघराची माहिती द्यावी’ एवढ्याच दोन ओळी. ऑफिसातल्या आणखी दोघी-तिघी आयांनी सही केली तर जास्त चांगलं. मूल सांभाळण्याची व्यवस्था ही तुमची आणि मावशींची खासगी अडचण आहे, असं मानून कंपन्या मोकळ्या होतात, आणि मग एका पालखीवरून दोन बायका एकमेकींशी भांडत बसतात.

सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज काढून टाका. त्यात मावशींचा फोटो आहे आणि ‘पैसे बुडवून पळाली’ असं लिहिलंय. त्या पळाल्या नाहीत, ९ तारखेला स्वतः फोन करून ‘उद्यापासून येते’ म्हणाल्या. खोटी गोष्ट दोनशे घरांत पसरवणं ही बदनामी आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली तक्रार होऊ शकते. नुसतं डिलीट करून भागणार नाही, त्याच ग्रुपवर ‘आधीची माहिती चुकीची होती’ असं लिहा. त्यांची बहीण तुमच्याच सोसायटीत काम करते, तिचा गेट पास बंद करण्याची भाषा मॅनेजर करत असेल तर त्यालाही थांबवा. कुणाच्या घरी कोण काम करणार हे ते घर ठरवतं.

ब्युरोचं प्रकरण मात्र तुमच्या बाजूचं आहे. घरातल्या बाईशी असलेला वैयक्तिक सेवेचा करार ग्राहक कायद्याच्या बाहेर असतो, पण पैसे घेऊन माणूस पुरवणारा ब्युरो सेवा देतो. त्यांच्या पावतीवर ‘तीन महिन्यांत एकदा बदली’ असं छापलेलं तुम्ही पाठवलंय. आधी लेखी नोटीस द्या, पंधरा दिवस थांबा, मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच ती करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्क नाही.

संघटनेच्या फोनला घाबरू नका, आणि उर्मटपणेही बोलू नका. उलट त्या ताईंनाच सांगा की तुम्ही मावशींना घेऊन या, समोरासमोर बसू. मावशींना परत येण्याचा आदेश कुठलंही कोर्ट देणार नाही, कारण वैयक्तिक सेवेचा करार सक्तीनं पाळायला लावता येत नाही. त्या आल्या तर त्यांच्या मर्जीनं येतील. पगार आणि आधार कार्ड त्या भेटीच्या आधी पोचलेलं असू द्या, म्हणजे बोलणी मोकळेपणानं होतील.

जमलंच, तर या वेळी एक पान लिहून काढा. स्टॅम्प पेपर नको, साध्या मराठीत. कामाचे तास लिहा, आणि रात्री उशीर झाला तर जादा किती तेही. रविवार सुट्टी. महिन्याला एक भरपगारी रजा आणि शिमगा-गणपतीला मिळून बारा दिवस, त्यातले निम्मे भरपगारी, असं काही तुम्हाला परवडतं का बघा. अकरा तासांच्या दिवसाला ते फार नाही. सणाच्या रजेची तारीख त्यांनी महिनाभर आधी सांगायची आणि तुम्ही चार दिवसांत हो किंवा नाही कळवायचं. आजारपणात सकाळी सातपर्यंत फोन. सोडायचं किंवा काढायचं असेल तर एक महिन्याची मुदत. काम सुटलं तर राहिलेली उचल किती हप्त्यांत, तेही. मावशींना वाचून दाखवा, त्यांना एखादी अट बदलायची असेल तर तिथेच खोडून लिहा. दोघींच्या सह्या, दोन प्रती. घरेलू कामगार मंडळात त्यांची नोंदणी झालेली नसेल आणि वय १८ ते ६० मध्ये असेल, तर त्या अर्जाला लागणारा मालकाचा दाखला त्याच बैठकीत सही करून द्या.