परीक्षा मंडळ नेमकं करतं काय? : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : शिक्षक मुलांना वर्षभर बघतात. मग गुण त्यांनीच द्यावेत. मधे राष्ट्रीय मंडळ कशाला?

शिक्षक मुलाला ओळखतात हे खरंच, पण अडचणही तिथेच आहे. शिवाय नजर प्रत्येकाची वेगळी. 1912 मध्ये अमेरिकेत स्टार्च आणि इलियट यांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका 142 शिक्षकांकडून तपासून घेतली. कुणी 64 गुण दिले, कुणी 98. उत्तर तेच, फक्त तपासणारा बदलला!

मी बरीच वर्षं नियामक म्हणून, म्हणजे सगळे परीक्षक एकसारखे गुण देतात ना हे पाहणारा म्हणून, काम केलं. तपासणीआधी आम्ही सगळे एकाच उत्तराची छायाप्रत घेऊन बसायचो. पाच गुणांच्या उत्तराला कुणी दोन द्यायचं, कुणी चार. मुलाने उत्तरातलं कारण बरोबर लिहिलंय पण संज्ञा चुकलीय, तर अर्धा गुण कापायचा का? त्या अर्ध्या गुणावर पाऊण तास वाद चाले. ठरलं की ते गुणदान योजनेत, म्हणजे कशाला किती गुण द्यायचे याच्या यादीत, लिहायचं, आणि मग प्रत्येक गठ्ठ्यातल्या काही उत्तरपत्रिका पुन्हा बघायच्या. मला विचाराल तर मंडळाचा जीव या पाऊण तासात आहे. समोर फक्त बैठक क्रमांक असतो. मूल कुणाचं, कुठल्या शाळेचं, हे परीक्षकाला कळत नाही आणि कळूही नये.

प्रश्न : यंदा गणिताचा पेपर फार अवघड होता. मागच्या वर्षीच्या मुलांपुढे माझी मुलगी मागे पडेल का?

दोन वर्षांचे पेपर तंतोतंत सारखे काढणं कुणालाच जमत नाही. म्हणून काही देशांत श्रेणीची सीमारेषा, म्हणजे किती गुणांना कोणती श्रेणी हे, तपासणीनंतर ठरते. पेपर अवघड गेला असेल तर रेषा खाली येते. तुमच्या मंडळाची पद्धत कोणती, हे आधी पाहा.

मात्र आकडेवारीवर विसंबण्यालाही मर्यादा हवी. 2020 मध्ये कोविडमुळे परीक्षा रद्द झाल्या, तेव्हा स्कॉटलंडच्या एसक्यूए या परीक्षा घेणाऱ्या संस्थेने शिक्षकांनी दिलेल्या श्रेणी शाळांच्या जुन्या निकालांशी ताडून पाहिल्या आणि सुमारे 1,25,000 श्रेणी खाली आणल्या. गरीब वस्त्यांतल्या मुलांना जास्त फटका बसला. आठवड्याभरात सरकारला माघार घ्यावी लागली. शाळेचा इतिहास मुलाच्या माथी मारणं हा अन्यायच होता.

प्रश्न : गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन यांत फरक काय?

पडताळणीत बेरीज आणि एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, एवढंच बघतात. पुनर्मूल्यांकनात उत्तर नव्याने तपासतात. सोय असेल तर आधी छायाप्रत मागवा, विषयशिक्षकांना दाखवा, मगच अर्ज करा. गुण कमीही होऊ शकतात.

प्रश्न : परीक्षा घेणं आणि त्यावर देखरेख, दोन्ही एकाच संस्थेकडे असावं का?

माझं मत स्पष्ट आहे : नसावं. आपल्याच पेपरचा दर्जा आपणच ठरवला तर तक्रार करणाऱ्याने जायचं कुठे? इंग्लंडमध्ये ऑफक्वाल ही देखरेख करणारी संस्था स्वतः परीक्षा घेत नाही, घेणाऱ्यांवर नियंत्रण ठेवते.

प्रश्न : मंडळाचं प्रमाणपत्र परदेशात चालतं का?

समकक्षता, म्हणजे आपलं प्रमाणपत्र तिथल्या कोणत्या प्रमाणपत्राच्या बरोबरीचं, हे प्रवेश देणारा देश किंवा विद्यापीठ ठरवतं. प्रमाणपत्र अस्सल आहे, एवढी खात्री मंडळ देतं. पण गुणपत्रिका आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय ना, ते आजच पाहा. दुरुस्तीला महिने लागू शकतात, आणि प्रवेशाची तारीख तोवर थांबत नाही.