जदुनाथ सरकारांचं घर कशावर चालायचं?

कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेतल्या एका वडिलांचं पत्र आलंय. लेक बारावी सायन्सला, मार्क चांगले. पण इंजिनिअरिंग नको म्हणते. इतिहासच करणार, इतिहासकार जदुनाथ सरकारांसारखं काम करणार, असा हट्ट धरून बसलीय. वडील विचारतात, "सरकारांचं घर कशावर चालायचं, तेवढं सांगा."

सप्रेम नमस्कार.

कॉलेजच्या पगारावर. सरकार १८९२ साली एम.ए. झाले ते इंग्रजी विषयात. आधी कलकत्त्यात आणि मग पाटण्याला त्यांनी मास्तरकी केली, सुरुवातीला इंग्रजीचीच. इतिहास त्या नोकरीच्या कडेकडेनं वाढला. औरंगजेबावरचे पाच खंड १९१२ ते १९२४ या काळात निघाले. त्यासाठी ते फारसी शिकले, मराठ्यांच्या इतिहासासाठी मराठी शिकले. 'मराठी रियासत' लिहिणाऱ्या रियासतकार सरदेसाईंशी त्यांचा स्नेह जन्मभर टिकला. कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू झाले तेव्हा, १९२६ मध्ये, ते पंचावन्न वर्षांचे होते. म्हणजे पोरीला उशिरा फळ देणारं झाड लावायचंय, हे आधी मनाशी धरा.

आपल्या गावात तरी वेगळं काय झालं? १९६२ ला शिवाजी विद्यापीठ निघालं, त्याचे पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार मुळात इतिहासाचे अभ्यासक. ताराबाईकालीन कागदपत्रं त्यांनीच संपादित केली.

आता आजचा रस्ता. बी.ए., एम.ए., मग नेट किंवा सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, पुढं पीएच.डी. नेटमध्ये जे.आर.एफ., म्हणजे संशोधनासाठीची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये मिळतात. पण कायम प्राध्यापकाची जागा मिळेपर्यंत कित्येक जण तासिका तत्त्वावर वर्षं काढतात. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. पुरालेखागार, वस्तुसंग्रहालय, स्पर्धा परीक्षा या वाटाही आहेत. तिला त्या आत्ताच दाखवून ठेवा.

माझा भर मात्र दुसऱ्याच गोष्टीवर आहे. मोडी, म्हणजे आपली जुनी कागदपत्रं ज्या लिपीत आहेत ती. तिचा जुना कागद कधी जवळून पाहिलाय? आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरं लटकवत जायचं. दोन शब्दांत जागा नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. नवशिक्याची एका ओळीवर अख्खी दुपार जाते. माझ्याकडे आलेली एक मुलगी तीन दिवस एकाच शब्दावर अडली होती. तो शब्द 'वैरण' निघाला, तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. या कामात टिकणारी माणसं अशी असतात.

तेव्हा परीक्षा झाली की लेकीला मोडीच्या वर्गाला घाला. फी भरण्याआधी कुणाच्या घरचा जुना खरेदीखताचा कागद मिळतो का बघा, आणि तो तिच्यापुढं ठेवा. महिन्याभरानंतरही ती तो घेऊन बसलेली दिसली, तर बी.ए.चा फॉर्म बिनधास्त भरा. कंटाळली, तर मला पुन्हा लिहा; सायन्सची दारं तोवर उघडीच असतील.