तवंदी घाट चढण्याआधी
भावा, मे महिन्यात निपाणीहून भरलेली गाडी घेऊन तवंदी घाट चढायचा, तर आधी रेडिएटर बघ. जाळीत भुसा, धूळ बसली की हवा जात नाही. इंजिनाच्या बाजूनं बाहेर हवा मार, पण बेतानं, पात्या वाकतात. बोअरचं पाणी नको, आत क्षार धरतो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. रेडिएटरच्या कॅपचं (झाकणाचं) रबर चिरलं असेल तर दाब टिकत नाही, पाणी लवकर उकळतं. स्वस्तातली वस्तू, म्हणून कुणी बघतच नाही! चढाला इंजिन रखडवू नकोस, खालचा गिअर टाक. आरपीएम, म्हणजे इंजिनाचे फेरे, वाढला की वॉटर पंप जोरात फिरतो. तरीही तापमानाचा काटा चढला तर बाजूला घे, दोन-तीन मिनिटं आयडलवर, म्हणजे न्यूट्रलला इंजिन नुसतं चालू ठेवून मग बंद कर. कूलंटच गळून गेलं असेल तर मात्र लगेच बंद. गरम कॅप उघडायची नाही.