सायलेन्सर बदलला, आता ट्यूनर कोणता?

प्रश्न : माझी 2015 ची हार्ले आयर्न 883 आहे. पूर्ण मोकळा एक्झॉस्ट आणि हाय-फ्लो एअर फिल्टर बसवल्यापासून थ्रॉटल सोडला की फटाके वाजतात आणि जोरात पिळला की गाडी अडखळते. गॅरेजवाले पिगीबॅक बॉक्स (ईसीएम आणि इंजेक्टरच्या मध्ये बसणारी जोडपेटी) सुचवतात, मित्र ईसीएम (इंजिनचा संगणक) फ्लॅश करायला, म्हणजे त्यातला प्रोग्रामच बदलायला सांगतो. काय करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : फटाके आणि अडखळणं ही दोन वेगळी दुखणी धरा. एक्झॉस्ट बदलताना हेडजवळचं जुनंच गॅस्केट पुन्हा वापरलं असेल, तर त्या फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पाइपात उरलेलं पेट्रोल तिथेच पेटतं. हीच हवा ऑक्सिजन सेन्सरलाही फसवते. त्याला मिश्रण लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) वाटतं आणि ईसीएम उगाच पेट्रोल वाढवत राहतो. थंड इंजिन सुरू करून लगेच जोडावर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे दिसले तर नवं गॅस्केट टाका. गळती ठेवून केलेलं ट्यूनिंग फुकट जातं.

अडखळणं मात्र खरंच लीन मिश्रणाचं दिसतं. तुमच्या गाडीत दोन्ही पाइपांवर एकेक नॅरोबँड ऑक्सिजन सेन्सर आहे; मिश्रण संतुलित प्रमाणापेक्षा लीन की पेट्रोल जास्त, एवढंच तो सांगतो. हलक्या थ्रॉटलला त्याच्या भरवशावर ईसीएम स्वतःला सावरतो. जोरात पिळलं की तो फक्त पेट्रोल किती द्यायचं याच्या आतल्या तक्त्यावर चालतो, आणि त्या तक्त्याला तुमच्या नव्या फिल्टरचा पत्ताच नसतो. पिगीबॅक बॉक्स इंजेक्टरला जास्त पेट्रोल देतो, तर हलक्या थ्रॉटलला ईसीएम तेच कापतो. ही रस्सीखेच टाळायला सेन्सर बंद करावे लागतात किंवा त्यांना चकवावं लागतं. फ्लॅशमध्ये मूळ तक्ताच बदलतो, तोही पुढच्या-मागच्या सिलिंडरचा वेगवेगळा. म्हणून मित्राचं ऐका.

फ्लॅश करायला ट्यूनर हे उपकरण लागतं. तयार मॅप (म्हणजे हा तक्ता) टाकून मोकळं व्हायचं असेल तर फोनवर चालणारा व्हान्स अँड हाइन्सचा एफपी3 पुरे. पुढे कॅम बदलणं किंवा इंजिन 1200 सीसीचं करणारा किट डोक्यात असेल तर डायनोजेटचा पॉवर व्हिजन घ्या. 2014 पासूनच्या स्पोर्टस्टरला (तुमची आयर्न 883 त्यातलीच) ट्यूनर जोडायचा 6 पिनचा कनेक्टर आहे, त्याआधीच्यांना 4 पिनचा. ऑर्डर देताना हे बघा. जुना पॉवर व्हिजन स्वस्तात मिळतोय म्हणून उचलू नका. त्याचं लायसन्स आधीच्या गाडीच्या ईसीएमला बांधलेलं असतं, नवं पुन्हा विकत घ्यावं लागतं.

फ्लॅश करण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा आणि हेडलाइटचा फ्यूज काढा, कारण मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीएम अडकतो. मूळ मॅप आधी साठवून ठेवा. ऑटोट्यूनला (गाडी चालवताना सेन्सर बघून ट्यूनरने स्वतःच मॅप दुरुस्त करणं) इंजिन नीट तापलेलं हवं; वीसेक मिनिटांच्या तीन-चार फेऱ्या, वेगवेगळ्या गिअरमध्ये, थ्रॉटल स्थिर ठेवून. शहराच्या ट्रॅफिकमध्ये नको. मूळ नॅरोबँड सेन्सरवर ऑटोट्यून चालू असताना पूर्ण थ्रॉटल टाळा, कारण तिथेही मिश्रण 14.7 च्या (एक भाग पेट्रोलला 14.7 भाग हवा, म्हणजे संतुलित) आसपासच धरलेलं असतं आणि इंजिन ठोकू शकतं. दुरुस्त्या दोन-तीन टक्क्यांवर आल्या की थांबा.

प्रश्न : ई20 (20 टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलसाठी हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण दाखवणाऱ्या वाइडबँड मीटरवर 14.7 ऐवजी 13.5 धरायचं का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. ई20 चं संतुलित प्रमाण 13.5 च्या आसपास आहे हे खरं, पण सेन्सर मोजतो लॅम्डा (हवा संतुलित प्रमाणाच्या किती पट आहे ते; 1 म्हणजे संतुलित) आणि मीटर त्याला 14.7 ने गुणून आकडा दाखवतो. त्यामुळे ई20 वरही संतुलित मिश्रणाला 14.7 च दिसेल. मीटर लॅम्डावरच ठेवा : स्थिर वेगाला 0.96 च्या आसपास, पूर्ण थ्रॉटलला 0.87.