मान मोकळी केली की अर्धशिशी जाते का?

प्रश्न : वय ३६, शाळेत शिकवते. महिन्यातले सहा-सात दिवस अर्धशिशीत जातात, आणि आदल्या दिवशीच मान आखडते. फिजिओथेरपिस्टकडून मान 'सेट' करून घेतली की कायमचं सुटेल, असं नणंद म्हणते. खरं आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कायमचं नाही. मान आधी आखडते म्हणून दुखण्याचं मूळ मानेतच असणार, असं वाटणं साहजिक आहे. पण पुष्कळदा मान आखडणं हीच अर्धशिशीच्या झटक्याची सुरुवात असते. जांभया आणि चिडचिड जशी आधी येते, तशीच. मानेच्या वरच्या तीन नसा आणि चेहऱ्याची संवेदना नेणारी ट्रायजेमिनल नस मेंदूच्या बुंध्यापाशी एकत्र येतात, त्यामुळे एकीकडचं दुखणं दुसरीकडे जाणवतं.

नॉर्वेत १०४ रुग्णांवर झालेली एक चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. एका गटाच्या मणक्यांना झटके देऊन उपचार केले, दुसऱ्याच्या खांद्यावर आणि नितंबावर नुसता लुटुपुटीचा दाब दिला. दोन्ही गटांचे डोकेदुखीचे दिवस सारखेच कमी झाले. म्हणजे 'मणका जागेवर बसवला' ही गोष्ट विसरा.

मऊ हाताचा उपचार मात्र करून पाहायला हरकत नाही. आधी तपासणी मागा : हनुवटी छातीला लावून मान दोन्ही बाजूंना वळवायची. साधारण ४०-४५ अंश वळते. एका बाजूला त्याहून १० अंश किंवा जास्त कमी वळली तर मानेचा वरचा सांधा आखडलेला असू शकतो, आणि अशांना हाताच्या उपचाराचा उपयोग होऊ शकतो. घरी दोन टेनिस बॉल मोज्यात घालून गाठ मारा, उताणं झोपून कवटीच्या खालच्या कडेला ठेवा, दोन-तीन मिनिटं. डोकं दाबायचं नाही, त्याचं वजन पुरतं. हनुवटी आत घेऊन पाच सेकंद धरायची, असं दहा वेळा. लोक चुकतात ते इथेच : जोर लावतात, आणि दुसऱ्या दिवशी झटका येतो. झटका चालू असताना तर हातच लावू नका. तेव्हा केस विंचरणंही सोसत नाही.

सहा आठवडे वहीत दुखण्याचे दिवस आणि गोळ्या लिहा. दिवस घटले नाहीत तर पैसे वाया घालवू नका. ट्रिप्टान (अर्धशिशीच्या झटक्यावरची खास गोळी) महिन्यात १० दिवस किंवा साधी पॅरासिटामॉल १५ दिवस, असं तीन महिने चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागू शकतं. सहा-सात दिवस म्हणजे रोजच्या प्रतिबंधक औषधाबद्दल न्यूरोलॉजिस्टशी बोलावं इतकं नक्कीच आहे.

प्रश्न : न्हाव्याकडे चंपीनंतर मान 'कट्' करून घेतो, हलकं वाटतं. चालेल? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चंपी घ्या, मान मोडू देऊ नका. तो आवाज सांध्यातल्या वायूच्या बुडबुड्याचा. हाड काही जागेवर जात नाही. झटक्याने मानेतल्या रक्तवाहिनीचा आतला थर फाटू शकतो. असं क्वचित होतं, पण झालं तर अर्धांगवायूचा धोका. मान कधी नव्हे ती एका बाजूला अचानक दुखू लागली, सोबत चक्कर, पापणी खाली येणं, बोलणं अडखळणं असेल, तर मसाज नाही, थेट रुग्णालय. असं फाटणं कधी आपोआपही होतं, आणि ते दुखणं घेऊनच माणूस मान मोडून घ्यायला येतो.