फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली बायोफिल्मची रचना दिसत नाही, नुसतं हिरवं धुकं दिसतं. कन्फोकल मायक्रोस्कोप लागेलच का?

तुम्ही लिहिलंय की काचेवर ४८ तास वाढवलेली स्यूडोमोनास जीवाणूंची बायोफिल्म (म्हणजे पृष्ठभागाला चिकटून वाढलेला जीवाणूंचा थर) सायटो ९ या हिरव्या आणि प्रोपिडियम आयोडाइड या लाल रंगाने रंगवलीत, पण डिपार्टमेंटच्या साध्या फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली सगळं धूसर दिसतंय.

आधी सांगा, वरून कव्हरस्लिप ठेवता का? एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी तेच करत होते. वर कव्हरस्लिप, कडेचं पाणी टिश्यूने टिपायचं, आणि प्रत्येक फोटोत सपाट थर. दोन महिने वाटत होतं, माझ्या स्ट्रेनला (जीवाणूच्या वाणाला) बायोफिल्म जमतच नाही. जमत होती, मीच तिची भाकरी थापत होते! काचेच्या तळाच्या डिशमध्ये वाढवून, वरचा द्रव तसाच ठेवून, खालून इन्व्हर्टेड मायक्रोस्कोपने पाहिलं तेव्हा कुठे उंचवटे आणि त्यांच्यामधल्या वाटा दिसल्या.

आता धुक्याचं. साध्या मायक्रोस्कोपमध्ये प्रकाश अख्ख्या जाडीतून जातो, फोकसच्या वरचे-खालचे जीवाणूही चमकतात आणि ती सगळी चमक एकाच फोटोत येऊन बसते. कन्फोकलमध्ये डिटेक्टरच्या आधी बारीक छिद्र असतं, ते फोकसबाहेरचा प्रकाश अडवतं. मग अर्ध्या-एक मायक्रॉनच्या पायरीने काप घेत जायचं आणि ते एकावर एक रचायचे. १९९१ मध्ये लॉरेन्स आणि सहकाऱ्यांनी ओल्या, जिवंत बायोफिल्मचे असे काप घेतले, तर ७३ ते ९८ टक्के भाग पेशींचा नव्हताच. पेशींभोवतीचा चिकटा आणि मोकळी जागा. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी नमुना सुकवला की नेमकं हेच आक्रसतं.

त्यामुळे ४८ तासांच्या थराला कन्फोकल हवाच. पहिल्या चार-सहा तासांत पेशी नुकत्या चिकटून छोटे पुंजके धरतात, तोवर तुमचा मायक्रोस्कोप पुरतो. लेन्स मिळाली तर वॉटर इमर्शन (नमुना आणि लेन्सच्या मध्ये पाणी असलेली) घ्या. बायोफिल्म म्हणजे बहुतेक पाणीच, त्यामुळे ऑइलच्या लेन्सने खोलवरचं चित्र बिघडतं.

लाल रंगावर मात्र फार विसंबू नका. प्रोपिडियम पडदा फाटलेल्या पेशीत शिरतो हे खरं, पण पेशींबाहेरच्या डीएनएलाही तो चिकटतो, आणि स्यूडोमोनासच्या चिकट्यात असा डीएनए असतोच. लाल ढग दिसला म्हणून ‘मेलेल्या पेशी’ मोजायला घेऊ नका, दांड्यासारखा आकार दिसतोय का ते बघा. मी सोबत नमुना प्लेटवर वाढवून जिवंत पेशींच्या कॉलनी मोजायचे. दोन्ही आकडे जुळले नाहीत की आधी लाल रंगावर संशय. जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) बनवणारा स्ट्रेन वापरणार असाल तर त्या प्रोटीनला चमकण्याआधी ऑक्सिजन लागतो. तळाशी अंधार दिसला म्हणजे तिथे पेशी नाहीत असं नाही.

धुताना सलाइन पिपेटने डिशच्या कडेने सोडा, थरावर धार नको. आणि कन्फोकल दुसऱ्या संस्थेत असेल तर रंगवणं तिथे पोचल्यावर करा. आमची रंगवलेली डिश रिक्षात एका खड्ड्याला अशी हिंदकळली की निम्मी बायोफिल्म झाकणाला लागलेली होती.