माझे काम कोणी उचलले तर?

पीएच.डी. करणाऱ्या मुलामुलींकडून एक प्रश्न मला हमखास ऐकायला मिळतो: निष्कर्ष छापून येण्याआधीच ते चारचौघांत मांडले आणि दुसऱ्या कोणी तेच काम आधी प्रसिद्ध केले, तर इतक्या वर्षांच्या कष्टांचे काय? त्याचे उत्तर मी एका विद्यार्थिनीच्या अनुभवातून देते. तिची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती जिवाणूंच्या प्रतिजैविक-प्रतिरोधावर, म्हणजे प्रतिजैविक औषधांना दाद न देण्याच्या क्षमतेवर, काम करत होती. झोप लागत नाही म्हणून ती माझ्याकडे आली, पण बोलणे लवकरच एका परिषदेत मांडायच्या पोस्टरवर येऊन थांबले. तिला तिथे जायचेच नव्हते. "मॅडम, लोक सरळ मोबाइलवर फोटो काढतात. मोठ्या लॅबकडे माणसे आहेत, पैसा आहे. माझ्या आधी ते पेपर छापून मोकळे होतील." ही भीती निराधार नाही. ज्याला संशोधक 'स्कूप होणे' म्हणतात ते खरोखर घडते आणि ज्याची सारी भिस्त एकाच प्रकल्पावर आहे, त्या विद्यार्थ्याला त्याची झळ सर्वांत जास्त बसते. म्हणून "असे काही होत नाही" अशी समजूत मी घातली नाही.

मी तिला स्लाइड दाखवायला सांगितल्या. प्रत्येक आलेखावर जनुकाचे नाव काढून 'जनुक क्ष' लिहिले होते, आणि याच स्लाइड तिने स्वतःच्या लॅब मीटिंगमध्येही दाखवल्या होत्या. तिथे कोणी काय विचारले, असे विचारल्यावर ती म्हणाली, "विशेष काही नाही." एरवी लॅबमधले लोक काय विचारतात, हे तिने मला सविस्तर समजावले. जिवाणूंमध्ये अनेक जनुके एका ओळीत, एकाच ओपेरॉनमध्ये (एकत्र चालू-बंद होणाऱ्या गटात) असतात. त्यातले एक काढले की पुढच्याचे कामही बिघडू शकते, म्हणून काढलेले जनुक प्लाझ्मिडवरून (जिवाणूतल्या डीएनएच्या छोट्या, सुट्या तुकड्यावरून) परत देऊन मूळ गुणधर्म परततो का, हे तपासावे लागते. ती तपासणी तिची अजून राहिली होती. नावच झाकल्यावर शेजारी कोणते जनुक आहे हे ऐकणाऱ्यांना कळणार कसे, हे मला सांगता सांगता तिच्याच ध्यानात आले आणि ती बराच वेळ त्या स्लाइडकडे पाहत राहिली.

पुढच्या मीटिंगमध्ये तिने नाव उघड केले. लॅबमधल्या एका सीनियरने पहिलाच प्रश्न शेजारच्या जनुकाबद्दल विचारला. नंतर केलेल्या प्रयोगात गुणधर्म अर्धवटच परतला, त्यामुळे निष्कर्षाची मांडणी बदलावी लागली. पेपर नियतकालिकाकडे गेल्यावर तिथल्या परीक्षकांनी हेच विचारले असते, तर कितीतरी महिने गेले असते.

बाहेर काम मांडण्याबाबत मात्र नुसते धैर्य पुरत नाही, तिथे क्रम सांभाळावा लागतो. पेटंटची शक्यता असेल तर आधी अर्ज करावा, कारण भारतात अर्जापूर्वीचे प्रकाशन नावीन्याच्या दाव्याला बाधक ठरू शकते. तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करून पूर्ण तपशील 12 महिन्यांत देता येतो. तो प्रश्न नसेल, तर प्रीप्रिंटचा, म्हणजे परीक्षणाआधीच लेख सर्वांसाठी ऑनलाइन ठेवण्याचा, विचार गाईडशी बोलून जरूर करावा. कोल्ड स्प्रिंग हार्बर लॅबोरेटरीने 2013 मध्ये सुरू केलेल्या बायोआर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या संकेतस्थळावर लेख ठेवला की त्यावर तारीख आणि डीओआय (लेखाचा कायमचा ओळख-क्रमांक) येतो, त्यामुळे कोणी आधी मांडले याची जाहीर नोंद राहते. सर्व सहलेखकांची संमती मात्र लागते, आणि एकदा ठेवलेला लेख तिथून पुसला जात नाही. शिवाय, मागे पडलेल्यांसाठी सगळी दारे बंद होत नाहीत: पीएलओएस बायोलॉजी या नियतकालिकाने 2018 मध्ये जाहीर केले की तसाच शोध दुसऱ्यांनी छापल्यानंतर सहा महिन्यांच्या आत आलेला लेख, केवळ नावीन्य गेले म्हणून, नाकारला जाणार नाही.

या मुलीच्या गाईडने पोस्टरच्या आधी प्रीप्रिंट ठेवायला होकार दिला. सगळ्यांचे गाईड देत नाहीत, आणि अशा वेळी परस्पर लेख टाकून देणे मला अजिबात मान्य नाही. नकाराचे कारण विचारावे, कोणता प्रयोग झाल्यावर लेख पाठवायचा हे ठरवून घेऊन त्याच दिवशी ईमेलने गाईडला कळवावे, आणि तरीही काम अडूनच राहिले, तर संशोधन सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय मांडावा. प्रगतीचा आढावा घेणे हे त्या समितीचे कामच आहे.